मर्हूनची बरची

गुरुवारी, शटर अर्धं ओढल्यावर
मर्हून येतो. जुन्या गुत्र्यात गुंडाळलेलं काहीतरी
लेथच्या शेजारी आडवं ठेवतो, जपून,
आजारी मांजर आणल्यासारखं.

पाच काटे. मधला वाकलेला.
दुसऱ्याचा उलटा दात झिजून गेलेला.

ग्राइंडर लावू नकोस, तो म्हणतो,
दर वेळी म्हणतो, जसा काही मी वीस वर्षं
या सित्र्यात भाकऱ्याच थापतोय.
ठाऊक आहे मला. ठिणग्या उडाल्या की पोलाद निळं पडतं,
निळं पडलं की मऊ, आणि मऊ काटा
चिंबोरीच्या पाठीवरून नुसता सरकतो.
म्हणून कानस. मुळाकडून टोकाकडे,
उचलायची, परत मुळापासून.
अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं:
घसरला तर बोथट, रुतला तर पुरे.
त्याहून जास्त लाड केलेलं टोक
पहिल्या खडकावर मोडतं.

दांडी पहिल्यांदा हातात घेतली
तेव्हा मी थोडा वेळ बोललोच नव्हतो.
भरीव. जवळ जवळ पेरं. हा तर माणगा,
आंजर्ल्याला आमच्या विहिरीमागे आहे तसला.
मर्हूनच्या आजोबांनी घेतला होता म्हणे
लाकडं भरून आलेल्या एका गलबतावरून,
दोन रुपयांना. तेव्हा इथंही रुपयाच चालायचा.
माझ्या कितीतरी आधी आलेला,
ना सीपीआर, ना दर दोन वर्षांनी शिक्का.
वर्षातून दोनदा खोबरेल पितो
आणि अजून तडकलेला नाही.

अवसेच्या सुकतीला पाणी इतकं मागं जातं
की रिफायनरीचे दिवे चिखलात उभे राहतात.
आम्ही तिघं: तो, मी, बरची.
पाय उचलू नकोस, घासत चल,
वाळूत पाकट झोपलेली असते,
तिला आपण येतोय ते आधी कळू दे.
दिवा पुढं. सावली मागं.
शुवय, शुवय.
पोटाशी अंडी धरलेली चिंबोरी दिसली
की तो काही बोलत नाही,
दिवाच दुसरीकडे वळवतो.

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय.
मला दोन मासे दिसतात, म्हणाला,
दोन्ही खोटे. मी तिसऱ्याला मारतो.
स्वतःच हसला, खोकला,
आणि बरची माझ्या हातात दिली.

लेप होता. अंग वाळूचं,
डोळे तेवढे वाळूचे नव्हते.
दिसतो तिथं मारू नकोस, मर्हून कानाशी पुटपुटला,
पाणी सगळं उचलून दाखवतं.
खाली मार. आपल्या पायांकडे.

पाणी सगळं उचलून दाखवतं.
रोज रात्री फोनच्या काचेत
ओटीवरची नवी फरशी,
मुलीचे मार्क, आईचं काठीशिवाय चालणं,
असतं त्याहून जरा वर,
जरा जवळ.
मीही इकडून खोलीचा तेवढाच कोपरा दाखवतो
जिथं खिडकी आहे.

मारली.
खण्ण.
लेप गेला, मागं दुधासारखा गढूळ ढग ठेवून.
खाली प्रवाळाचा दगड होता
आणि परवाच सरळ केलेला मधला काटा
पुन्हा पूर्वीसारखा, मान वाकडी करून.

मला वाटलं, रागावेल.
तो बोटांनी चाचपत राहिला,
एक, दोन, तीन, चार, पाच,
पोरं मोजावीत तसा.
चला, म्हणाला, गुरुवारचं काम झालं.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा बाटलीत
तळाशी चारच घोट गोडं पाणी उरलेलं.
ते त्यानं काट्यांवर ओतलं, हळूहळू,
दातांच्या बेचक्यांत नीट जाईल असं,
गुत्र्याच्या कोरड्या टोकानं पुसलं,
आणि मग आठवल्यासारखं मला विचारलं:

तुला प्यायचं होतं का रे?